चिनी उच्चारांच्या इतिहासात तांगूत लिपीची साक्ष ग्राह्य धरावी का?

धागालेखक

चिनी अक्षर उच्चार बदलला तरी तसेच राहते, म्हणून जुने उच्चार ठरवताना अभ्यासक ६०१ सालच्या 'छिएयुन'सारख्या यमककोशांचा (यमकानुसार अक्षरे लावलेल्या कोशांचा) आधार घेतात. हे कोश अक्षरांचे वर्ग लावून देतात. पण बाराव्या शतकात वायव्य चीनमधला माणूस प्रत्यक्ष काय बोलत होता, हे त्यांतून कळत नाही. ते तांगूत साधनांतून कळते, असे माझे ठाम मत आहे.

वायव्य चीनमधल्या तांगूत लोकांच्या शीश्या राज्यात (१०३८–१२२७) त्यांच्या भाषेसाठी ही लिपी घडवली गेली आणि ११९० मध्ये कुले माओत्साय यांनी 'तळहातावरील मोती' हा तांगूत-चिनी शब्दसंग्रह रचला. रशियन संशोधक कोझ्लोव्ह यांच्या मोहिमेला खाराखोतो या उजाड शहराच्या अवशेषांत मिळालेल्या या ग्रंथाची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक नोंदीत चार उभ्या ओळी असतात: मधल्या दोहोंत तांगूत शब्द आणि त्याचा चिनी अर्थ, तर कडेच्या दोहोंत तांगूत शब्दाचा उच्चार चिनी अक्षरांत आणि चिनी शब्दाचा उच्चार तांगूत अक्षरांत.

प, फ आणि ब यांतला भेद मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. जुन्या चिनीत हे तिन्ही ध्वनी होते. या संग्रहात मात्र जुन्या 'ब' वर्गातले आणि 'फ' वर्गातले चिनी शब्द एकाच तांगूत अक्षराने लिहिलेले आढळतात, म्हणजे त्या बोलीत सघोष 'ब' सरसकट महाप्राण 'फ' झाला होता. बीजिंगच्या बोलीत असे झाले नाही. तिथे जुना 'ब' समस्वराच्या (सपाट सुराच्या) शब्दांत 'फ' आणि इतर सुरांच्या शब्दांत 'प' झाला. म्हणून 'आजार' या अर्थाचा शब्द तिथे 'पिंग' असा अल्पप्राण आहे, तर दक्षिण शान्शीतील बोलींत तोच शब्द आजही महाप्राणाने सुरू होतो.

प्रतिसाद १ (असहमत)

तांगूत आज कोणीही बोलत नाही. तिचे ध्वनी मुख्यतः चिनी लिप्यंतरांवरून ठरवायचे आणि मग त्याच ध्वनींवरून चिनीचे उच्चार सिद्ध करायचे, हा उघड चक्रक दोष आहे. जुन्या चिनी शब्दांच्या अंती येणारे प, त, क या बोलीत लोपले होते, असे याच संग्रहावरून सांगितले जाते. परंतु तांगूतमध्ये असे अंत्य व्यंजनच मानले जात नाही. जे लिहिण्याची सोयच लिपीत नाही, ते लिहिलेले नाही म्हणून बोलीतही नव्हते, हे अनुमान मला मान्य नाही.

धागालेखक

साक्ष एकाच बाजूची असती तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. पण उलट दिशेची ओळ पाहा: स्वरान्त तांगूत शब्दांचे उच्चार दाखवताना, एके काळी प, त, क यांनी संपणारी चिनी अक्षरेही मोकळेपणाने वापरलेली आहेत. ते अंत्य ध्वनी ऐकू येत असते, तर शेजारी स्वरान्त अक्षरे उपलब्ध असताना लेखकाने ही कशाला निवडली असती? 'ब'च्या बाबतीत तर लिपीची अडचणही सांगता येत नाही, कारण तांगूतमध्ये सघोष ध्वनी होते. चिनी शब्दांसाठी ते न वापरता महाप्राण वापरले गेले.

प्रतिसाद २

चक्राबाहेरचा पुरावाही आहे. तांगूत बौद्ध ग्रंथांत संस्कृत धारणी (बौद्ध मंत्रपाठ) लिप्यंतरित केलेल्या आहेत, आणि बीजिंगच्या उत्तरेला च्युयुंगक्वान येथील १३४५ च्या शिलालेखात लान्चा लिपीतील संस्कृत, तिबेटी, फाग्स-पा, उइगुर, चिनी आणि तांगूत अशा सहा लिप्यांत धारणी कोरलेली आहे. संस्कृतचे उच्चार आपल्याला ठाऊक असल्यामुळे ग, घ, क, ख यांसाठी कोणती तांगूत अक्षरे आली हे थेट तपासता येते. तिबेटी लिपीत उच्चार दिलेली तांगूत पानेही आहेत, आणि रशियन अभ्यासक नेव्स्की यांनी १९२६ मध्येच त्यांच्याकडे लक्ष वेधले होते.

प्रतिसाद १

१३४५ चा शिलालेख राज्य लयाला गेल्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी कोरलेला आहे, त्यामुळे ११९० च्या उच्चाराला त्याचा आधार बेताचाच मिळतो. धारणींचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, आणि 'ब'विषयीचा युक्तिवादही पटण्याजोगा आहे. तरीही ही साक्ष एका प्रदेशाची, आणि बव्हंशी एकाच ग्रंथाची आहे. तिच्यावरून सोंगकालीन (त्या काळच्या चिनी राजवटीतील) चिनीविषयी सरसकट विधाने करणाऱ्यांना माझा विरोध कायम आहे.