खाणी परत सुरू झाल्या, यंत्रं मात्र जुनीच?

डिचोलीकर : २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले आणि आता आमच्याकडे पुन्हा माल निघू लागलाय. गावातून जातो मात्र तोच दहा टनी टिप्पर. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात रिओ टिंटो या खाण कंपनीने २००८ पासूनच विनाचालक डंपर चालवून पाहिले. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरावरच्या चुनखडीच्या खाणीतला विजेचा डंपर भरून उतरताना ब्रेक लावतो आणि त्यातूनच बॅटरी चार्ज करतो. माझं मत : खाणीत विजेचे डंपर आणि जेटीपर्यंत (माल बार्जमध्ये भरायच्या धक्क्यापर्यंत) झाकलेला कन्व्हेयर, म्हणजे माल वाहणारा सरकता पट्टा, ही लिलावाची अटच हवी होती.

खाणमाती : डिचोलीकरबाब, स्विस डंपर भरलेला उतरतो आणि रिकामा चढतो. आपले खड्डे भूजलाच्याही खाली गेलेत. इथे भरलेला डंपर चढणार, रिकामा उतरणार. उतारावर मिळेल ती वीज चढावर केव्हाच संपेल! आणि पिलबारातला डंपर दोनशे टनांहून जास्त माल घेतो, तोही खाणीच्या खासगी रस्त्यावर. आपले खाणपट्टे पोर्तुगीज काळातल्या सवलतींमधून आलेले, आकाराने लहान. तसलं धूड इथे वळवायचं कुठे? शिवाय आपला बराचसा माल मऊ, भुसभुशीत. तो काढायला डोझर आणि पोकलेन पुरतात. अडचण काढण्याची नाही, वाहतुकीची आहे.

सावर्डेचा ट्रकवाला : वाहतूक म्हणजेच आम्ही. २०१२ ला खाणी बंद झाल्या, २०१८ ला परत बंद झाल्या. दोन्ही वेळा ट्रक दारात आणि हप्ता डोक्यावर. आता कन्व्हेयर आला की ट्रक थेट भंगारात. झाकलेला कन्व्हेयर सुंदर दिसतो हो, पण त्यावर किती घरं चालणार?

डिचोलीकर : तुमचं दुखणं खरं आहे. पण तुमचा हप्ता फिटावा म्हणून रस्त्याकडेच्या घरांनी धूळ किती वर्षं खायची? कन्व्हेयर टाकणाऱ्या कंपनीकडून ट्रकमालकांना भरपाई मागा, मी तुमच्यासोबत उभा राहीन.

सावर्डेचा ट्रकवाला : उभे राहणारे पुष्कळ असतात. भरपाई कागदावर येऊ दे, मग बोलू.

मोजणीदार : तुम्ही दोघे डंपरवरच अडकलात. खरा बदल ड्रोनचा. २०२१ च्या नियमदुरुस्तीपासून वर्षाला १० लाख टन वा त्याहून जास्त उत्खनन, किंवा ५० हेक्टर वा मोठा खाणपट्टा असेल, तर दरवर्षी ड्रोन सर्वेक्षण द्यावं लागतं, हद्दीबाहेरच्या १०० मीटरसकट. दोन वर्षांच्या चित्रांवरून खड्ड्याचं घनफळ काढता येतं, ते विकलेल्या मालाशी ताडता येतं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या काळात एवढं हाताशी असतं तर किती वाद टळले असते! ही चित्रं पंचायतीलाही मिळायला हवीत.

खाणमाती : मान्य. पण उडवणार केव्हा? पावसाआधी आणि पावसानंतर, दोन्ही वेळा हवं. आपल्याकडे डंपची, म्हणजे खाणीबाहेर रचलेल्या ढिगाऱ्यांची माती शेतात उतरते ती त्या चार महिन्यांतच.