मोहरावर तुडतुडा, बागेत मधपेट्या. औषध कोणतं मारू?

कातळबाग: देवगडजवळ हापूसची चाळीस कलमं. मोहर निम्मा फुललाय, रस शोषणारी तुडतुडा कीड दिसू लागलीय. यंदा सातेरी मधमाशीच्या दोन पेट्या ठेवल्यात. माशी मरणार नाही असं औषध सांगा. बजेट मजुरीसकट दोन हजार.

रायवळ: इमिडाक्लोप्रिड मार. मी दरवर्षी मारतो, तुडतुडा साफ. पेट्यांशिवायच कलमं लगडतात माझी.

सातेरी_वेंगुर्ला: रायवळदादा, पेट्या नसल्या तरी ढोलीतली रानसातेरी येतेच, आणि मोहरावर साध्या माशाही मोठं काम करतात. इमिडा आंतरप्रवाही, फुलातल्या मधात आणि परागात उतरतं. रात्री मारलं तरी सकाळी माशी तेच पिणार. युरोपीय संघाने 2018 मध्ये उघड्या शेतात त्याच्यावर बंदी घातली ती मधमाश्यांपायीच.

रायवळ: युरोपात हापूस होतो काय?

बंदरवाडी: माशी नाय तर फळ नाय. आमी कलमाक सुकी मासळी बांधतो, वासाक माशी येता.

राजापूरकर: एचटीपी, म्हणजे जास्त दाबाचा फवारणी पंप घ्या. मी घेतला, शेंड्यापर्यंत तुषार जातो. पैसा जातो, पण काम बघा!

कलिंगडवाला: पंप कसला, आधी शेजाऱ्याशी बोला. आमच्या शेजारी भर सकाळी डेल्टामेथ्रिन मारलं, पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा. कलिंगडात नर-मादी फुलं वेगळी, माशी गेली आणि फळं वाकडी धरली. अजून राग येतो.

पालवी: दापोली कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकात पहिली फवारणी मोहराआधी, पालवीवर असते. ती झाली होती का?

सातेरी_वेंगुर्ला: मारायचंच तर ब्युप्रोफेझिन. तुडतुड्याची पिल्लं कात टाकताना मरतात, पूर्ण वाढलेल्या मधमाशीला धोका कमी. पण पेटीतल्या अळ्यांना जपायला हवं. म्हणून माश्या परतल्यावर तिन्हीसांजेला फवारा, पेटीच्या दाराला जाळी लावा, हवा खेळू द्या, सकाळी फवारा सुकल्यावर उघडा. भुकटी नकोच, परागासारखी अंगाला चिकटते.

रायवळ: मी म्हटलं ना, इमिडा.

कातळबाग: सगळ्यांचे आभार. पालवीवर फवारलं होतं. आज फांद्या हलवून पाहिल्या, तुडतुडे थोडेच उडाले. फळ धरेपर्यंत काहीच मारणार नाही. दाट फांद्यांत तुडतुडा लपतो, म्हणून आंबे उतरल्यावर आतली विरळणी करून घेईन, दोन हजार त्याला ठेवतो.

रायवळ: पीक जाईल हां.

कातळबाग: थोडं गेलं तर जाऊ दे. शेजारच्या काकांना सांगून आलोय, औषध मारायच्या आदल्या दिवशी ते फोन करतील.