अंगाचं माप आणि कपड्याचं माप: तुमचे अनुभव सांगा

बार्शीकर:
काल माळ्यावरची ट्रंक उघडली. तळाशी माझी १९९६ ची पँट निघाली, पहिल्या मुलाखतीसाठी शिवलेली. खिशात टेलरकाकांची पावती, कापडाचा तुकडा स्टेपल केलेला, पिन गंजलेली. पँट: उंची ३९॥, कंबर २८, सीट ३५, मोरी (पायाचा खालचा घेर) १६. शर्ट: कॉलर १४॥, छाती ३४, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'उ. खां. उतार'.

उजवा खांदा उतार. घरात कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. काकांनी मागे उभं राहून एकदा बघितलं आणि लिहून टाकलं. त्यानंतर इतकी वर्षं रेडीमेड शर्ट घालतोय, प्रत्येकाला उजव्या काखेखाली तिरकी चुणी पडते आणि मला वाटायचं माझ्या उभं राहण्यातच खोट आहे. पावती हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

आता मुलाची मुलाखत आहे, त्याला दुकानातलं काही बसत नाहीये. तुमचे अनुभव लिहा.

मनीमाऊ:
अगदी आमच्या घरचं! ह्यांना ४० खांद्याला बसतो, पोटावर बटणं ताणतात. ४२ घेतला की पोट मोकळं, पण खांद्याची शिवण दंडावर. कुकर झाला, नंतर सविस्तर लिहिते.

सुईदोरा:
बाबा टेलर होते म्हणून लिहिते. मनीमाऊ, पोट असलेल्या गिऱ्हाइकाला बाबा पुढची उंची इंचभर जास्त धरायचे. नाहीतर शर्ट पुढून वर उचलला जातो आणि मागून लोंबतो. रेडीमेडमध्ये हे कोण करणार?

आणि माप देताना पुरुष हमखास श्वास ओढून पोट आत घेतात. बाबा कधी बोलून दाखवायचे नाहीत. टेप कंबरेभोवती तशीच धरून पावसापाण्याचं, पोराबाळांचं विचारायचे. माणूस उत्तर द्यायला लागला की पोट आपोआप सुटायचं, तेवढ्यात आकडा वाचायचे. मी वही घेऊन शेजारी उभी असायचे.

घाटमाथा:
मूलभूत प्रश्न, ४० म्हणजे नक्की काय ४०?

जुना_सेल्समन:
शर्टाच्या दुकानात १४ वर्षं काढली. आपल्याकडे फॉर्मल शर्टावरचा ३९, ४०, ४२ हा बहुतेक कंपन्यांत कॉलरचा आकडा असतो, सेंटीमीटरमध्ये. ४० म्हणजे साधारण पावणेसोळा इंच. कोटावरचा ४० मात्र छातीचा, इंचात. पँटवर कंबर, तीही इंचात, पण ३४ लिहिलेली पँट टेपने मोजली तर ३५-३६ भरते असं पुष्कळदा होतं. गिऱ्हाईक ट्रायलरूममधून पडलेल्या चेहऱ्याने बाहेर यायचं, तेव्हा मी हेच समजावून सांगायचो.

एक लक्षात ठेवा, खांदा बसला तर शर्ट घ्या. बाजू, बाही, उंची सगळं अल्टर होतं. खांदा सोडवायचा म्हणजे बाही, कॉलर सगळंच उसवावं लागतं.

राईनकाठ:
इथे जर्मनीत कोटाचा नंबर छातीच्या निम्मा, सेंटीमीटरमध्ये. छाती १०० तर ५०. पण माझ्यासारख्या बुटक्या बांध्यासाठी वेगळा २५ नंबर असतो! घेर तोच, उंची-बाह्या कमी. पहिल्यांदा घातला आणि बाही मनगटावर थांबली, आईला लगेच व्हिडिओ कॉल केला.

खाकी_स्वप्न:
मापावरून आठवलं. पोलीस भरतीला छाती ७९ सेंमी लागते आणि फुगवून ५ ने वाढावी लागते. मी ७८ ला अडकलो होतो. रोज पहाटे पळून, दंड-बैठका मारून पुढच्या वर्षी ८१ भरली. आईने तेव्हाचे सगळे शर्ट बाजूंना उसवून दिले.

मनीमाऊ:
@खाकी_स्वप्न, वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. भरती झालात ना?

खाकी_स्वप्न:
झालो ताई. आता ड्युटीवरच आहे.

पाऊलवाट:
माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओमुळे दोन इंचांनी आखूड आहे, मांडीही बारीक. रेडीमेड पँट घेतली की डावी मोरी जमिनीवर लोळते. घरी आणून दुमडून घालायचो, सगळ्यांचं लक्ष तिथेच जायचं. कोल्हापूरला एका टेलरने न विचारता दोन आकडे लिहिले, 'उ ३९, डा ३७', आणि डावी मांडी मुद्दाम उजव्याएवढीच घेरदार बेतली. चालताना दोन्ही पाय सारखे दिसतात. बारावीत होतो, ती पँट घालून आरशासमोरून हललो नाही. आज पंचेचाळिशीत आहे, कपडे अजून त्यांच्याकडेच.

सुईदोरा:
@पाऊलवाट _/\_ असा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवायला हवा होता.

चाफा२:
आमच्या वेळी गणवेश 'वाढत्या अंगाचा' शिवायचे. चड्डीला तीन इंच दुमड, दरवर्षी एक सोडायची. सोडल्यावर जुन्या घडीची गडद रेघ दिसायची, तिच्यावरून वर्गात कळायचं कोण किती वाढलं. धाकट्या भावाला ती रेघ आयतीच मिळायची.

बाय द वे बार्शीकर, भगवंत मंदिराजवळचे का तुम्ही? माझं आजोळ तिथलं.

बार्शीकर:
हो, मंदिरापासून पाच मिनिटांवर! आजोळचं आडनाव व्यनि (खाजगी निरोप) करा, नक्की ओळख निघेल.

घाटमाथा:
मांड्या जाड असणाऱ्यांनी काय करायचं? व्यायामाने २५ इंच झाल्यात. मांडीला बसेल ती घेतली तर कंबरेत मूठ जाते.

जुना_सेल्समन:
मांडीला बसेल तीच घ्या. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून आत घेता येते, मांडी वाढवायला कापड कुठून आणणार?

सुईदोरा:
@बार्शीकर, ती १९९६ ची पँट फेकू नका. जुने टेलर मागच्या शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायचे. मुलाची कंबर किती?

बार्शीकर:
३०. आत्ता पट्ट्याजवळ थोडं उसवून बघितलं. मागच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया आहे, आतलं कापड अजून मूळ रंगाचं.

सुईदोरा:
मग एकेक इंच सोडा, बरोब्बर ३० होईल आणि अर्धा इंच शिल्लक राहील. आधी पाण्यातून काढा, जुन्या शिवणीची रेघ जाईल. आणि टेलरकडे नेताना मुलाचे खांदे मागून बघायला सांगा.