पुढच्या अंगणात भाजी: लॉन काढू का?

प्रेषक: नवी वहिनी (शिकागोचा पश्चिम भाग)
मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑगस्टमध्ये घर बघायला गेलो तेव्हा मागच्या यार्डात उभं राहून आम्ही दोघं म्हणालो, "किती गार आहे!" त्या गारव्याची किंमत आता कळतेय. मागे आमचा मेपल आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा काळा अक्रोड, त्यामुळे दुपारनंतर ऊन नावाला नाही. घर दक्षिणमुखी. ७-८ तास ऊन फक्त पुढे, आणि तिथे आहे गवत. नवरा ते दर शनिवारी कापतो आणि खात कोणीच नाही.

मला तिथे मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, भेंडी, जमलं तर अळू लावायचंय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अगं, भाजी परसात असते. पुढं तुळस लावतात." नवऱ्याचं म्हणणं, नोटीस येईल. घर १९६२ सालचं आहे, एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) नाही. कोणी केलंय का असं? आणि सुरुवात कुठून करू?

प्रेषक: बंडूदादा
बुधवार, सकाळी ७:१५

वहिनी, आधी नवऱ्याची भीती घालवू. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२२पासून कायदाच आहे की स्वतःच्या जागेत भाजी लावायला कोणतंही व्हिलेज किंवा काउंटी बंदी घालू शकत नाही. असा कायदा सगळ्यात आधी फ्लोरिडात झाला, २०१९मध्ये. त्यामागे मायामी शोअर्सच्या एका जोडप्याचं प्रकरण होतं. १७ वर्षं पुढच्या अंगणात भाजी लावत होते, २०१३मध्ये नियम बदलला आणि दिवसाला ५० डॉलर दंडाची तलवार टांगली गेली. त्यांनी झाडं उपटली, पण कोर्टाची पायरीही चढले. कोर्टात हरले, मग विधिमंडळाने कायदा केला.

मात्र कायदा म्हणजे मोकळं रान नव्हे. झाडांची उंची, हद्दीपासून अंतर, पाण्याचा वापर यावर व्हिलेज नियम करू शकतं. (व्हिलेज म्हणजे आपली ग्रामपंचायत. अमेरिकेत येऊन शेवटी सरपंचाच्याच तावडीत.) एचओए असतं तर गोष्ट वेगळी होती, तो खाजगी करार असतो.

दोन गोष्टी विसरू नकोस. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी, जिला इथे पार्कवे म्हणतात, ती कापायची तू, पण ती सार्वजनिक जागा आहे. तिथे काही लावू नकोस. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ सगळं तिथेच येऊन पडतं, आणि कुत्री फिरवणाऱ्यांबद्दल मी काय सांगू.

दुसरं, कुदळ मारायच्या आधी काही दिवस ८११ला फोन कर. फुकट आहे. माणूस येऊन जमिनीखालच्या लाइनींवर छोटे झेंडे लावून जातो: पिवळा गॅसचा, लाल विजेचा, निळा पाण्याचा, केशरी केबलचा. आमच्या पुढच्या अंगणात गेल्या वर्षी एवढे झेंडे लागले की लेकीला वाटलं गणपती लवकर आले.

प्रेषक: माई
बुधवार, दुपारी १:४०

बंडू, कायदा झाला, आता स्वयंपाकघराकडे येऊ का?

बाळ, मागच्या यार्डाचा नाद सोडलास ते बरंच केलंस. सावली एक वेळ चालली असती, पण काळ्या अक्रोडाची मुळं जमिनीत एक द्रव्य सोडतात, त्याने टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे सगळं कुळच कोमेजतं. पाणी कमी पडलं असं वाटून आपण पाणी घालत बसतो. मी दोन उन्हाळे बसले आहे.

आता काय आणि कधी. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर एप्रिलमध्ये खुशाल पेर, थोड्या थंडीला ती दाद देत नाहीत. मेथीचे दाणे डब्यातलेच घे. धने मात्र पेरायच्या आधी लाटण्याने हलके रगड, एका धन्यात दोन बिया असतात. जूनअखेर ऊन तापलं की कोथिंबीर दांडा काढून फुलावर जाते, म्हणून एकदम सगळी पेरू नकोस, दर दोन आठवड्यांनी मूठभर टाक. टोमॅटो, मिरची मदर्स डे (मेचा दुसरा रविवार) झाल्याशिवाय बाहेर काढायची नाही. दुकानं एप्रिलपासूनच रोपं मांडून ठेवतात, मोहात पडू नकोस. भेंडी, गवार, दोडका, दुधी तर मे संपता संपता, जमीन हाताला ऊबदार लागली की. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. नर फूल तोडून मादी फुलाला आपणच लावायचं, नाहीतर बोटभर दुधी पिवळे पडून गळतात. अळूसाठी दुकानातली कोंब असलेली अळकुडी आत्ताच कुंडीत घालून खिडकीत ठेव. थंडीआधी अळूचे कंद काढून घरात.

पुढच्या अंगणाचं गुपित म्हणजे कड. चारही बाजूंनी झेंडू लाव. झेंडू दिसला की लोकांना ती बाग वाटते, आत काय आहे ते कोणी बघत नाही. शिवाय दसऱ्याला तोरण घरचं. लाल माठ पुढे, हिरवा माठ मागे, कारण हिरव्या माठाच्या रानटी भावंडाला इथे तण म्हणतात आणि लोक तो ओळखतात.

आणि अंबाडी लावलीस तर रस्त्यापासून लांब. मी पहिल्या वर्षी ऐन दारात लावली होती. अंबाडीचं पान हाताच्या पंजासारखं असतं हे तुला ठाऊक आहे. समोरच्यांना दुसरंच काही वाटलं आणि त्यांनी फोन केला. इथे गांजा विकत घेणं कायदेशीर आहे, पण घरी लावायला औषधाचं कार्ड लागतं, हे मला त्या दिवशी समजलं. आलेल्या तरुण अधिकाऱ्याला मी म्हटलं, बाबा, एक पान चावून बघ. त्याने चावलं, आणि आंबट लागल्यावर त्याचं तोंड जे झालं! जाताना कृती विचारून गेला.

प्रेषक: पॅलाटाईनचे काका
बुधवार, दुपारी २:०५

पाडव्याच्या जेवणाचे माझे ४ पास अजून आले नाहीत. श्रीखंड आहे की पुरणपोळी?

प्रेषक: नाना (मुलाकडे सहा महिने)
बुधवार, रात्री ९:३०

सप्रेम नमस्कार. मुलाकडून टाइप करून घेतो आहे.

सूनबाईंच्या सासूबाईंना माझा निरोप द्या. परसबाग हे खरंच, पण कोकणात पावसाळ्यात पडवळ-दोडक्याचा मांडव ऐन अंगणात घालतात आणि पाहुणा त्याखालून वाकून घरात येतो. तेव्हा पुढं भाजी लावणं आपल्यात बसत नाही असं काही नाही.

एक शंका. इथे जो तो लाकडाची चौकट करून त्यात विकतची माती भरतो. माझ्या मुलाने ४ बाय ८ फुटांची, फूटभर उंच पेटी केली, त्यात १ घनफुटाच्या ३२ पिशव्या गेल्या. बत्तीस! पायाखाली काळीभोर जमीन असताना माती पिशवीतून? साताऱ्याकडं हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवायचं नाही. गवताची साल काढा, शेणखत घाला आणि पेरा.

बियाणं पुढच्या खेपेस मी घरून घेऊन येतो. गावरान वांगं आणि वाल.

प्रेषक: बंडूदादा
बुधवार, रात्री १०:१०

नाना, बियाणं आणू नका हो! पेरायच्या बियांना भारतातलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं. नसलं तर विमानतळावर वाल जप्त, आणि सांगितलं नसेल तर वर दंड. इथल्या भारतीय बियाण्यांच्या दुकानांत वाल मिळतो. कढीपत्त्याचं रोपही दुसऱ्या राज्यातून कोणाकडून मागवू नका. संत्री-लिंबांचा रोग पसरवणारा किडा त्याच्यावर राहतो, म्हणून त्याच्या ने-आणीवर बंधनं आहेत.

पेटीबद्दल मात्र तुमचं निम्मं बरोबर. निम्मं नाही, कारण घर १९६२चं आहे. इथे घरांच्या रंगात १९७८पर्यंत शिसं असायचं. जुना रंग खरवडला की तो भिंतीलगतच्या मातीत पडतो आणि तिथेच राहतो. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसंही १९९६मध्ये पूर्ण बंद झालं, तोवर रस्त्याकडून येतच होतं. पालेभाजी आणि मुळ्याला हीच माती चिकटते.

वहिनी, ८-१० ठिकाणची वरची माती घे, पण भिंतीजवळची वेगळी आणि मधली वेगळी, आणि प्रयोगशाळेत शिसं तपासायला पाठव. ईपीएने (इथल्या पर्यावरण खात्याने) २०२४मध्ये घराभोवतीच्या मातीसाठी सावधगिरीची पातळी ४०० पीपीएमवरून (दहा लाख भाग मातीत शिशाचे ४०० भाग) २००वर आणली. आकडा बघून ठरव. कमी निघाला तर नानांचं ऐक, ३२ पिशव्यांचे पैसे वाचतील.

प्रेषक: माई
गुरुवार, सकाळी ६:५०

नाना, शेणखताबद्दल एक. इथल्या गवतावर मारलेलं काही तणनाशक जनावराच्या पोटातून जाऊन खतात उरतं. मी एकदा फुकट मिळालेलं घोड्याचं खत आणलं आणि टोमॅटोची पानं दोऱ्यासारखी वळली. आता कुठलंही खत आधी कपात घेऊन त्यात घेवड्याचे चार दाणे लावते. नवी पानं सरळ आली तरच बाकीचं आत येतं. लॉनवर औषध मारलं असेल तर कापलेलं गवतही वाफ्यात पसरायचं नाही.

आणि ससे! पुढे कुंपण घालायला बऱ्याच गावांत मनाई असते. वाफ्यावरच कमानी करून बारीक जाळी टाक.

प्रेषक: नवी वहिनी
रविवार, दुपारी ४:२० (तीन आठवड्यांनी)

मंडळी, निकाल आला. भिंतीलगत ३४०, अंगणाच्या मध्यावर ७०. म्हणजे भिंतीजवळ फक्त झेंडू आणि झुडपं, भाजी घरापासून १२ फुटांवर, जमिनीतच. नाना जिंकले. पिवळा झेंडा नेमका जिथे मला अळू हवं होतं तिथे लागला, म्हणून अळू आता डाव्या बाजूला.

काल दोघांनी मिळून गवताची साल काढली. २०० चौरस फूट म्हटलं की कागदावर काही वाटत नाही. आज कंबर धरून बसलोय. मेथी पेरली. समोरच्या आजीबाई येऊन विचारून गेल्या, इथे पाईप फुटलाय का? त्यांना मेथीची पहिली जुडी कबूल केली आहे. सासूबाईंना फोटो पाठवला. म्हणाल्या, "तुळस कुठाय?" मेअखेर तीही मधोमध येतेय.

प्रेषक: सांस्कृतिक समिती
रविवार, संध्याकाळी ६:००

भाज्यांची चर्चा आटोपली असेल तर एक विनंती. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही, आणि ऋषीच्या भाजीला गेल्या वर्षी आपण फ्रोझन अळू वापरलं. वहिनींचं अंगण हाताने खणलेलं आहे. तर अळू, माठ, भेंडी, दोडका जे येईल ते ६० माणसांच्या हिशेबाने राखून ठेवाल का? अंबाडी माईंकडून.

पॅलाटाईनच्या काकांसाठी: श्रीखंड होतं.