आईचा खांदा धरलाय, अ‍ॅक्युपंक्चर करावं का?

अश्विनी_सोलापूर
आईचं वय 56, मधुमेह आहे. सात महिन्यांपासून उजवा खांदा धरलाय. आधी रात्रभर ठणकायचा, आता हात वरच जात नाही. अंबाडा मी घालून देते. परवा फळीवरचा साखरेचा डबा काढायला ती स्टुलावर चढली, तेव्हा किती अडतंय ते मला कळलं. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगितलंय. गोळ्यांनी पित्त होतं. मावशी म्हणते अ‍ॅक्युपंक्चर कर, बाबा म्हणतात चिनी थोतांड. कुणी केलंय का?

मंदार_कोथरूड
ताई, मी केलंय. डावा खांदा, आठवड्यातून दोनदा, अशा दहा बैठका. खांद्यात टोचतील म्हणून शर्ट काढून बसलो, तर पहिली सुई नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि घोट्याच्या मधोमध! ती तशीच ठेवून खांदा हळूहळू फिरवायला लावला. नंतर खांद्याभोवती चार-पाच. सुई पाव मिलिमीटर जाडीची, टोचणं फारसं कळत नाही. मग आत एक जड, बोथट कळ येते. चौथ्या बैठकीनंतर त्या कुशीवर झोप लागली. पण हात वर गेला तो व्यायामानेच. ठणका उतरला म्हणून व्यायाम झेपला, हे सुयांचं श्रेय.

फिजिओ_नीलिमा
मंदारदादांचं शेवटचं वाक्य आईंना वाचून दाखवा. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळतं, मधुमेहात हे जास्त होतं आणि जास्त रेंगाळतं. एक ते तीन वर्षंही लागतात. त्यामुळे साखर ताब्यात आणणं हा उपचाराचाच भाग धरा.
घरी एक बघा. कोपर बरगडीला चिकटवून, काटकोनात वाकवून पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. तुम्ही हळूच नेलात तरी जात नसेल, तर फ्रोजन शोल्डर असण्याची शक्यता दाट. स्वतःहून जात नाही पण तुम्ही नेल्यावर सहज जातो, असं असेल तर स्नायूची दोरी फाटली आहे का, हे डॉक्टरांना पुन्हा विचारा. फाटलेल्या दोरीवर सुया टोचत महिने घालवू नका, ही कळकळीची विनंती.
रोज गरम पाण्याने शेकून भिंतीवर बोटं चढवायची. कुठवर पोचली तिथे पेन्सिलने खूण करा, आईंना हुरूप येईल.

अमोघ_लंडन
इथे ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने 2021 मध्ये, ज्याला दुसरं कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करावा असं म्हटलं. त्याच संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी मात्र ते देऊ नये असं सांगितलं होतं. चाचण्यांमध्ये उपचार न घेणाऱ्यांपेक्षा फरक चांगला दिसतो, खोट्या सुयांशी, म्हणजे टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या सुयांशी, तुलना केली की बराच कमी. म्हणून सहा बैठकांत रात्रीची झोप सुधारली नाही तर थांबा. पॅकेजचे पैसे आधी भरू नका.

सुनंदा_ठाणे
बाबांना सांगा, ही विद्या भारतात 1959 मध्ये आणली ती डॉ. बिजॉय कुमार बसूंनी. तुमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर 1938 मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातलेच ते.
आता कामाचं. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका. खांद्याच्या वर आणि पाठीकडे खोल सुई गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून शिकलेलाच हात हवा.

अश्विनी_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. नीलिमाताई, आत्ताच करून बघितलं, मी नेला तरी पंजा बाहेर जात नाही. शेवटची साखर मार्चमध्ये तपासली होती, उद्या सकाळी उपाशीपोटी परत देतोय. कोटणीसांचं नाव ऐकून बाबा गप्प झाले आणि "कुठे आहे ते, मी नेतो" म्हणाले. भिंतीवर पहिली खूण केली, आईच्या हनुवटीच्याही खाली आहे.