हक्कसोडपत्रावरची सही
"बहिणीने स्वखुशीने सही केली, दस्ताची रीतसर नोंदणी झाली, मग अन्याय कुठला?" हक्कसोडपत्राबद्दल, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताबद्दल, कुणी विचारलेला हा प्रश्न फार खटकला. कायद्याने दस्त पक्का, मान्य. पण ती सही कधी घेतात ते आठवा. वडिलांचं दिवसकार्य नुकतंच उरकलेलं, आणि भाऊ म्हणतो, "ताई, उद्या जरा दुय्यम निबंधकांकडे जाऊन येऊ." नाही म्हटलं तर माहेर तुटेल, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. माझ्या आत्याने अशीच सही केली. जमीन किती, तिचा हिस्सा किती, काही विचारलं नाही.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये (तोवर लग्न झालेल्या मुली वगळून) आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. दबाव सिद्ध झाला तर हक्कसोडपत्र रद्दही होतं, पण सख्ख्या भावावर दावा लावायला किती जणी धजतील?

सही मागण्याआधी भावाने तिला तिच्या हिश्श्याची किंमत सांगावी, विचाराला वेळ द्यावा. आमच्या सातबाऱ्यावर माझ्या बहिणीचं नाव आहे. ते काढायचा विषय मी कधीच काढणार नाही.