छापील औषधग्रंथ: रुग्णासाठी की वैद्यांच्या मक्तेदारीसाठी?

कालिंदी (धागाकर्ती):
लंडन, मे 1618. वैद्यांच्या कॉलेजने (म्हणजे त्यांच्या संघटनेने) 'फार्माकोपिया लोंडिनेन्सिस' हे औषधकृतींचं पुस्तक छापलं आणि औषधवाल्यांनी यातल्याच कृतींनी औषधं बनवायची, असं राजे जेम्स यांचं फर्मान सुटलं. डिसेंबरात तेच पुस्तक बदलून पुन्हा काढलं, पहिल्याचं खापर मुद्रकाच्या माथी! आता वेळ बघा. 1617 च्या डिसेंबरात औषधवाले किराणा व्यापाऱ्यांच्या संघातून बाहेर पडून स्वतंत्र झाले होते. त्यांना लगाम घालायला हे पुस्तक आलं असं माझं स्पष्ट मत. रुग्णहित वगैरे तोंडी लावायला.

खलबत्ता:
साफ असहमत. लंडनवरून अख्ख्या युरोपला झोडपू नका. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, 1499 मध्ये, फ्लॉरेन्सचं 'रिचेत्तारियो' हे असंच कृतींचं पुस्तक निघालं, तेही इटालियनमध्ये. वैद्यांनी संकलन केलं, पण औषधवाल्यांच्या सांगण्यावरून. त्यांची अडचण खरी होती: नाव एकच, पण जुन्या ग्रंथागणिक घटक आणि वजनं निराळी. विषावरचा उतारा मानलेल्या थेरियाकचंच उदाहरण घ्या. साठाहून जास्त घटक, त्यात सापाचं मांस आणि अफूसुद्धा. अफूचं माप दुकानागणिक बदललं तर मरणार कोण? मी जन्मभर औषधांच्या दुकानात काढलाय, मापाला नावं ठेवू नका.

शंकासुर:
माप अचूक, माल थोतांड! विषावर उतारा म्हणून थेरियाक पिढ्यान्‌पिढ्या छापत राहिले. 1745 मध्ये इंग्रज वैद्य हेबरडेनने त्याचे वाभाडे काढले, तरी लंडनच्या ग्रंथातून ते 1788 मध्ये गेलं. छापल्यामुळे खुळचटपणाला सरकारी शिक्का मिळाला, बाकी काय?
(जर्मनीतलं न्यूरेंबर्ग दोघेही विसरलात. तिथे 1546 मध्ये वैद्य व्हॅलेरियस कॉर्डसचा औषधग्रंथ नगर परिषदेने लागू केला. बिचारा 1544 मध्येच रोममध्ये वारला होता, वय जेमतेम 29.)

कालिंदी:
@खलबत्ता, फ्लॉरेन्समध्ये वैद्य आणि औषधवाले एकाच संघात होते हो! लंडनमध्ये दोन तट. शिवाय ग्रंथ लॅटिनमध्ये. 1649 मध्ये निकोलस कल्पेपर या वनौषधींच्या जाणकाराने तो इंग्रजीत आणला तर कॉलेजवाल्यांचा तिळपापड का झाला?

खलबत्ता:
नुसता आणला? पानोपानी कॉलेजची टिंगल केली, राग येणारच. एक मात्र त्याचं मानतो. मूळ ग्रंथात कृती होत्या, औषध कशावर द्यायचं ते नव्हतं. ते त्याने घातलं. पण घरोघरी लोक अफू मोजायला बसले तर? कॉलेजचे तपासनीस दुकानं तपासून खराब माल नष्ट करत. त्यांना कशाशी ताडून बघायचं, ते छापलेलं नको?

शंकासुर:
आणि ते तपासनीस कोण? कॉलेजचेच वैद्य. त्यांनी लिहून दिलेली औषधं कोण तपासत होतं, तेवढं सांगा.